विमानाचं जुनं मीटर: साल कसं ओळखायचं, विमान का ओळखता येत नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पुण्याच्या जुन्या बाजारात तुम्हाला विमानाची तीन मीटरं मिळाली. एक अल्टिमीटर, म्हणजे उंचीमापक: काळी डायल, मुकुट आणि त्याखाली ए.एम. ही अक्षरं, ‘६ए/’ने सुरू होणारा क्रमांक, शेजारी ‘/४३’ने संपणारा दुसरा क्रमांक, आणि मागे हिंदुस्थान एअरक्राफ्टचं १९५६ सालचं फिकट लेबल. दुसरं बूस्ट गेज, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब दाखवणारं मीटर, पट्टी +२४ पर्यंत. तिसरं रशियन अक्षरांचं घड्याळ. विकणाऱ्याने पहिली दोन ‘स्पिटफायरची’, म्हणजे युद्धकाळातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाची, आणि घड्याळ ‘मिग-२१ चं’ म्हणून दिलं. तुम्हाला हवंय ते असं: वस्तू खऱ्या आहेत का, १९४३ धरायचं की १९५६, विमान कोणतं, आणि उघडून साफ करून आकड्यांना पुन्हा चमक आणता येईल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पहिलं देतो, कारण बाकीच्यांना घाई नाही. उघडू नका. काच तर अजिबात काढू नका.

युद्धकाळातल्या ब्रिटिश, अमेरिकन, जर्मन आणि रशियन डायलींवरचे आकडे अंधारात दिसावेत म्हणून जो रंग लावत, त्यात रेडियम असायचं. आपल्याकडे गाडीवर चिकटवतात त्या स्टिकरला लोक रेडियम म्हणतात, त्याचा याच्याशी संबंध नाही; इथे खरोखरचं रेडियम-२२६ आहे. रंगात रेडियमसोबत झिंक सल्फाइड मिसळलेलं असे. किरणोत्सर्गाच्या माऱ्याने ते उजळायचं, आणि त्याच माऱ्याने काही दशकांत निकामीही व्हायचं. म्हणून तुमची डायल अंधारात आता चमकत नाही. पण रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचं. चमक गेली, रेडियम जवळजवळ सगळं जागेवरच आहे. शिवाय एवढ्या वर्षांत रंग ठिसूळ होऊन त्याची पूड सुटते. काच बंद असेतो ती आत राहते. काच काढली की टेबलावर, नखांत, आणि फुंकर मारलीत तर थेट छातीत. ‘आकडे जरा खरवडून नवा रंग भरतो’ म्हणणारा हौशी माणूस भेटला की मी त्याला हात जोडतो.

बंद अवस्थेत एखाददुसरं उपकरण दिवाणखान्याच्या कपाटात असायला फारशी हरकत नाही. फक्त उशाशी ठेवू नका, मुलांच्या हाती देऊ नका, आणि दहा-बारा जमलीच तर हवा खेळती असलेल्या जागी ठेवा, कारण रेडियममधून रेडॉन वायू निघत राहतो. काच तडकलेली असेल तर जाड पिशवीत बंद करून बाजूला ठेवा. कुरिअरने इकडेतिकडे पाठवू नका. आपल्याकडे किरणोत्सर्गी पदार्थांचं नियमन अणुऊर्जा नियामक मंडळ करतं.

हाच रंग साल ओळखायलाही कामी येतो. अंधाऱ्या खोलीत डायलवर अतिनील टॉर्च मारा आणि बंद करा. जुना रेडियमचा रंग टॉर्च बंद होताच विझतो किंवा मुळात पेटतच नाही, आणि दिवसा तो पिवळट-तपकिरी, जुन्या कागदासारखा दिसतो. टॉर्च बंद केल्यावरही हिरवा-निळा उजेड मिनिटभर रेंगाळला तर रंग अलीकडचा आहे. मात्र त्यावरून वस्तू खोटी ठरत नाही. रेडियमचा धोका ध्यानात आल्यावर अनेक वायुदलांनी ओव्हरहॉलच्या, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्तीच्या, वेळी जुनी डायल काढून नवी बसवली किंवा साध्या पांढऱ्या रंगाने रंगवून घेतली. डायलवर गोलात टी हे अक्षर दिसलं तर तो ट्रिटियमचा रंग. त्याचं अर्धायुष्य जेमतेम १२.३ वर्षं, म्हणून तो आज जवळपास संपलेला असतो.

आता अल्टिमीटर. मुकुट आणि ए.एम. म्हणजे ब्रिटनची एअर मिनिस्ट्री. हे खातं १९१८ मध्ये उभं राहिलं आणि १ एप्रिल १९६४ ला संरक्षण मंत्रालयात विलीन झालं. मुकुट जरा भिंगातून बघा. वरच्या दोन्ही कमानी सरळ घुमटासारख्या चढत गेल्या असतील तर तो राजाचा मुकुट. मध्यभागी खचल्यासारख्या दिसत असतील तर एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकानंतरचा, म्हणजे १९५३ पासून पुढचा. राणीचा मुकुट असला तर वस्तू युद्धातली नाही, हे बिनधास्त म्हणा. उलटं मात्र चालत नाही: जुने ठसे कारखान्यांत आणखी काही वर्षं वापरात राहू शकतात, म्हणून राजाचा मुकुट हा १९५३ पूर्वीचा सबळ पुरावा आहे, अंतिम नाही.

‘६ए/’ हा रॉयल एअर फोर्सच्या भांडार-यादीतला विभाग: विमानातली उपकरणं. ‘६बी/’त नेव्हिगेटरचं सामान आणि मनगटी घड्याळं येतात; प्रसिद्ध मार्क ११ घड्याळावर ६बी/३४६ असतं. ‘६डी/’ ऑक्सिजनचं, ‘५सी/’ विजेचं. तिरप्या रेघेनंतरचा आकडा त्या नमुन्याचा. स्पिटफायर आणि हरिकेनमध्ये बसणाऱ्या पी-८ कंपासचा क्रमांक ६ए/७२६, तो तशा प्रत्येक कंपासवर असणारच. नवशिक्यांचा घोळ इथे होतो. यादीतला क्रमांक सगळ्या भावंडांचा सारखा असतो, त्यावरून साल काढता येत नाही. साल बघायचं ते वेगळ्या अनुक्रमांकात. ब्रिटिश उपकरणांवर तो अनेकदा ‘अमुक/४३’ असा असतो आणि शेवटचे दोन आकडे वर्षाचे. तुमच्याकडे नेमकं तेच आहे, तेव्हा १९४३.

मग १९५६ चं लेबल? तेही खरं. लष्करी उपकरणाला तीन तारखा असतात, आणि त्यांची गल्लत केली की सगळं फसतं. पहिली, नमुना मंजूर झाला ती. मार्क क्रमांकातून किंवा टाइपमधून ती कळते. जपान्यांचं उदाहरण यात सगळ्यात स्पष्ट आहे. त्यांचा टाइप क्रमांक म्हणजे त्यांच्या शाही सनाचे शेवटचे आकडे: टाइप ९७ म्हणजे सन २५९७, आपलं १९३७, टाइप शून्य म्हणजे १९४०. पण टाइप ९७ ची वस्तू १९४४ मध्येही कारखान्यातून बाहेर पडलेली असू शकते. दुसरी तारीख ती वस्तू बनल्याची. तिसरी शेवटच्या ओव्हरहॉलची. तुमच्या लेबलवरची ही तिसरी.

त्या लेबलवरचं कंपनीचं नावही साल सांगतं, इतकं की लेबलवरची तारीख पुसली गेली असती तरी चाललं असतं. वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूला काढलेली कंपनी ती हिंदुस्थान एअरक्राफ्ट लिमिटेड. १ ऑक्टोबर १९६४ ला ती हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली. ‘एअरक्राफ्ट’ असं असेल तर लेबल त्या दिवसाच्या आधीचं. युद्धात हाच कारखाना अमेरिकन सैन्याच्या विमानांच्या दुरुस्तीचा तळ झाला होता, आणि युद्धानंतर ब्रिटिश-अमेरिकन विमानं आपल्या वायुदलात राहिली, म्हणून त्या काळातली उपकरणं आपल्याकडच्या भंगारात अजून सापडतात. लेबल सोलून ‘मूळ रूप’ बाहेर काढण्याचा मोह आवरा. वस्तू भारतात वापरली गेली याचा तुमच्याकडचा एकमेव पुरावा तेवढाच आहे.

साठच्या दशकापासून पुढच्या वस्तूंवर वेगळी भाषा दिसेल: तेरा आकडी नाटो क्रमांक. पहिले चार आकडे वस्तूचा वर्ग सांगतात. ६६१० म्हणजे उड्डाणाची उपकरणं, ६६२० इंजिनची, ६६०५ दिशादर्शनाची, ६६४५ घड्याळं. पुढचे दोन आकडे देशाचे: ९९ ब्रिटन, १२ जर्मनी, १४ फ्रान्स, ००  किंवा ०१ अमेरिका, ७२ भारत. अमेरिकेत हे देशाचे दोन आकडे १९७४ मध्ये जोडले गेले. त्याआधीचा त्यांचा क्रमांक अकरा आकडी. म्हणजे नुसते आकडे मोजूनही अमेरिकन प्लेट १९७४ च्या अलीकडची की पलीकडची ते ठरतं.

प्लेट गेली असेल तर डायलच्या एककांकडे वळा. अल्टिमीटरच्या छोट्या खिडकीत हवेच्या दाबाचा आकडा असतो. १०१३ च्या आसपासचे आकडे म्हणजे मिलिबार, ब्रिटिश रीत. २९.९२ च्या आसपासचे म्हणजे पाऱ्याचे इंच, अमेरिकन. ७६० च्या आसपासचे म्हणजे पाऱ्याचे मिलिमीटर, आपल्याकडे बहुतेक वेळा सोव्हिएत. ही खिडकीवाली रचना अमेरिकेतले उपकरणकार पॉल कोल्समन यांची. २४ सप्टेंबर १९२९ ला अमेरिकन वैमानिक जिमी डूलिटल यांनी कॉकपिट झाकून, बाहेर न बघता उड्डाण आणि उतरणी केली, तेव्हा कोल्समनचा अल्टिमीटर आणि स्पेरी कंपनीचे जायरो (फिरत्या चाकाच्या आधाराने दिशा आणि कल दाखवणारी उपकरणं) त्यांच्यासमोर होते. त्याआधीचे अल्टिमीटर फार ढोबळ असत.

वेगमापकावर ताशी मैल असेल तर रॉयल एअर फोर्सचा युद्धकाळ किंवा त्याआधीचा काळ, नॉट असेल तर युद्धानंतरचा, असं सर्रास सांगितलं जातं. पण नौदलाची विमानं आधीपासून नॉटमध्येच उडत, अमेरिकन आणि जपानी नौदलाचीही. १९४२ चा नॉटमधला वेगमापक नौदलाचा असू शकतो; एकक चुकलं म्हणून त्याला खोटं ठरवू नका. ताशी किलोमीटर असेल तर जर्मन, इटालियन, फ्रेंच, रशियन किंवा जपानी भूदलाचा. मग लिपी बघा.

बूस्ट गेज मला या सगळ्यात सर्वात आवडतं, कारण इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब ही एकच गोष्ट प्रत्येक देशाने आपापल्या हट्टाने मोजली. ब्रिटिशांनी समुद्रसपाटीवरच्या हवेचा प्रमाण दाब शून्य धरला आणि त्याच्या वरखाली चौरस इंचाला किती पौंड ते दाखवलं. म्हणून त्यांच्या डायलवर उणे आकडेही असतात. अमेरिकनांनी पाऱ्याचे सरळ इंच घेतले, तिथे समुद्रसपाटीची हवा म्हणजे तीसच्या आसपास. जर्मनांनी ‘अटा’ हे वातावरणाच्या दाबाचं एकक घेतलं, तिथे १ म्हणजे साधारण समुद्रसपाटीची हवा. डायलवर शून्य मध्येच कुठेतरी आणि डावीकडे उणे दिसलं की नाव न वाचता ब्रिटिश म्हणून मोकळं व्हा.

पट्टीचं वरचं टोकही बोलतं. १९४० मध्ये १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळू लागल्यावर स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनला आणीबाणीत +१२ पौंडांपर्यंत बूस्ट देता येऊ लागला. पुढे +१८ झाला, आणि १९४४ मध्ये १५० ग्रेडच्या पेट्रोलवर +२५. इंजिनं जशी पेलू लागली तशी पट्टी लांबली. +२४ पर्यंतचं तुमचं गेज म्हणजे १९४० च्या बॅटल ऑफ ब्रिटनच्या (ब्रिटनवरच्या हवाई लढाईच्या) उन्हाळ्यात नव्हे, त्यानंतरच्या इंजिनांसाठी बनलेलं असण्याची शक्यता जास्त. बाजारात कुणी ‘बॅटल ऑफ ब्रिटनचं’ म्हणून जादा पैसे मागितले तर हा हिशोब ऐकवा.

तरी स्पिटफायर? ठामपणे ‘हो’ म्हणता येणार नाही, आणि बहुतेक वेळा कुणालाच म्हणता येत नाही. कारण मुळात उलटंच धोरण होतं. १९३७ पासून रॉयल एअर फोर्सने वेगमापक, कृत्रिम क्षितिज, चढउतार दर्शक, अल्टिमीटर, दिशादर्शक आणि वळण-घसरण दर्शक ही सहा उपकरणं एकाच मांडणीत, एकाच फळ्यावर बसवायला सुरुवात केली, म्हणजे वैमानिक एका विमानातून दुसऱ्यात गेला तरी नजर त्याच जागी जाते. हरिकेन या लढाऊ विमानाचा अल्टिमीटर लँकॅस्टर बॉम्बरमध्ये बसतो, लँकॅस्टरचा दुसरीकडे. भांडारातून जे हाती आलं ते बसवलं. स्पिटफायर हे नाव विकतं, म्हणून बाजारातलं प्रत्येक मुकुटवालं मीटर स्पिटफायरचं असतं. टायगर मॉथ या शिकाऊ विमानाचं मीटर विकायला आलेलं मी तरी ऐकलेलं नाही, आणि टायगर मॉथ तर हजारांनी बनली.

अपवाद इंधनमापकाचा. टाकी विमानागणिक वेगळी, म्हणून डायलही वेगळी. सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये वरची टाकी ४८ गॅलनची आणि खालची ३७ ची. ३७ वर संपणारं ब्रिटिश इंधनमापक हाती आलं तर मीही खुर्चीत सरळ होऊन बसेन. जेट इंजिनच्या पाइपमधलं तापमान दाखवणारं गेज किंवा मॅकमीटर (ध्वनीच्या वेगाच्या तुलनेत वेग दाखवणारं) असेल तर पिस्टन विमानाचा प्रश्नच मिटला. म्हणून विमान शोधायचं असेल तर उड्डाणाच्या उपकरणांपेक्षा इंजिन आणि इंधनाच्या डायली घ्या.

अमेरिकन वस्तू तुमच्याकडे नाही, पण येईल. आपल्याकडे डकोटा आणि लिबरेटरचं भंगार भरपूर होतं. त्यांच्या प्लेटवरचा करार क्रमांक बघायचा. ‘डब्ल्यू५३५-एसी’ने सुरू होणारे करार राइट फील्ड या अमेरिकन लष्करी विमानतळावरच्या खरेदी खात्याचे, ‘डब्ल्यू३३-०३८-एसी’ हे युद्धाच्या उत्तरार्धातले आणि त्यानंतरचे. ‘एअर कोअर’ हे नाव जुलै १९२६ पासूनचं, ‘एअर फोर्सेस, यू.एस. आर्मी’ जून १९४१ पासूनचं, आणि ‘यू.एस. एअर फोर्स’ १८ सप्टेंबर १९४७ च्या आधी असूच शकत नाही. ‘एएन’ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे भूदल आणि नौदलाचं सामाईक प्रमाण: एएन ५७३५ दिशादर्शक जायरो, एएन ५७३६ कृत्रिम क्षितिज. जर्मन वस्तूंवर ‘एफएल’ आणि पाच आकडे. २३८८५ हे कॉकपिटमधलं घड्याळ, २३८८३ नेव्हिगेटरचं मोठं मनगटी. जर्मन घड्याळांच्या नकला इतक्या आहेत की आपल्या बाजारात ‘लुफ्तवाफे’ (जर्मन वायुदल) हा शब्द ऐकला की मी पुढच्या दुकानाकडे वळतो.

आता घड्याळ. वर्णनावरून ते एसीएचएस-१ आहे: एकाच डायलमध्ये वेळ, उड्डाणाचा काळ आणि स्टॉपवॉच, खाली दोन मोठ्या घुंड्या, आणि थंडीत तेल गोठू नये म्हणून आत विजेची गरम पट्टी. चेल्याबिन्स्कच्या घड्याळ कारखान्यात बनायचं. मिग-२१ मध्ये होतं हे खरं, पण एमआय-८ हेलिकॉप्टरमध्ये आणि एएन-१२ मालवाहू विमानातही होतं, आणि ही तिन्ही आपल्या वायुदलाकडे होती. तरी महाराष्ट्रात मिळालेलं असल्याने विक्रेत्याची गोष्ट अगदीच हवेतली नाही. ओझरच्या कारखान्यात मिग-२१ बनले. हे विमान आपल्याकडे १९६३ मध्ये आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त झालं. एवढ्या वर्षांत किती घड्याळं बदलली गेली असतील याचा अंदाज करा.

सोव्हिएत उपकरणांची नावं वाचायला सोपी, एकदा लिपीशी ओळख झाली की. इंग्रजी बीसारखं दिसणारं अक्षर ‘व’ असतं, पीसारखं दिसणारं ‘र’, सीसारखं ‘स’. नावातला आकडा बहुतेकदा पल्ला सांगतो: व्हीडी-१० दहा किलोमीटरपर्यंतचा अल्टिमीटर, व्हीडी-२० वीसपर्यंतचा, व्हीएआर-३० सेकंदाला तीस मीटरपर्यंतचा चढउतार दर्शक. मागे २७ व्होल्ट, किंवा ३६ व्होल्ट ४०० हर्ट्झ लिहिलं असेल तर सोव्हिएत विजेची व्यवस्था. पाश्चात्त्य जायरोवर ११५ व्होल्ट दिसतील. आणखी एक खूण कृत्रिम क्षितिजाची. पाश्चात्त्य उपकरणात विमान कललं की क्षितिजाची रेघ कलते. एजीडी-१ सारख्या सोव्हिएत उपकरणात छोटं विमान कलतं आणि रेघ आडवीच राहते. दोन्हींवर शिकलेला वैमानिक तुम्हाला सांगेल की हा फरक डायलपुरता नाही.

सोव्हिएत वस्तूची तारीख सर्वात भरवशाने मिळते ती तिच्या कागदात. प्रत्येक उपकरणाबरोबर ‘पासपोर्ट’ नावाची छोटी पुस्तिका किंवा चिठ्ठी असायची: अनुक्रमांक, बनल्याची तारीख, किती तास चाललं, ओव्हरहॉल कधी. विक्रेते ती फेकून देतात, कारण वाचता येत नाही. पुढच्या वेळी डबा मागा, डब्यात कागद मागा, आणि कागदावरचा क्रमांक उपकरणाच्या क्रमांकाशी जुळवून घ्या.

वस्तू चालू आहे का ते न उघडता बघता येतं. अल्टिमीटरसाठी त्या दिवसाचा समुद्रसपाटीचा दाब विमानतळाच्या हवामान नोंदीतून घ्या, खिडकीत लावा आणि डायल बोटाने हलकेच ठोका. पुण्यात सतराशे ते दोन हजार फुटांच्या दरम्यान काटा थांबला, आणि तुमच्या गच्चीची उंची त्याच्या आसपास असली, तर ऐंशी वर्षांचा कॅप्सूल (दाबाने फुगणारी-आकसणारी आतली पातळ पत्र्याची डबी) अजून शाबूत आहे. दाब एक मिलिबारने बदलला की काटा साधारण २७-२८ फूट हलायला हवा. वेगमापकाच्या नळीत मात्र तोंडाने फुंकू नका. शंभर नॉट म्हणजे अवघा साडेसोळा सेंटिमीटर पाण्याचा दाब. आपली एक फुंकर त्याच्या कितीतरी पट असते आणि पातळ पत्र्याचा कॅप्सूल कायमचा वाकतो. रबरी नळी जोडा, दुसरं टोक चिमटून बंद करा आणि तिथून हळूहळू गुंडाळत या. तेवढ्यानेच काटा उठतो.

साफसफाई म्हणजे ओलसर सुती कापड, बस. ब्रासो नको, थिनर नको. उपकरणाच्या कवचाचा काळा रंग आणि त्यावरचे तपासनिसांचे शिक्के आधी जातात, आणि ते शिक्के गेले की साल ठरवायची अर्धी साधनं गेली. स्क्रूच्या डोक्यावर लाल किंवा पिवळ्या लाखेचा ठिपका असेल तर तो ओव्हरहॉलचं सील आहे. तुमच्या अल्टिमीटरवर तो अखंड असेल तर १९५६ नंतर ते कुणी उघडलेलं नाही, आणि १९४३ ची डायल व १९५६ चं लेबल एकाच वस्तूचे आहेत हे त्यावरून ठरेल. ठिपका तुटलेला असेल तर डायल नंतर कुणी बदलली असण्याची शक्यता धरा, आणि कवचावरचा अनुक्रमांक डायलवरच्या क्रमांकाशी जुळतो का ते बघा. बूस्ट गेजच्या मागच्या प्लेटबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. तिच्यावर ‘/’नंतर दोन आकडे आहेत का ते आधी पाहा, मग त्याचं साल माझ्या बूस्टच्या हिशोबावर सोडायची गरज उरणार नाही.